दोन आयांचा सण

(गोपाळकाल्याच्या दिवशी, शनिवार ५ सप्टेंबर २०२६ रोजी, हार्बरफ्रंट येथे झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात आपल्या एका निवृत्त डॉक्टर भगिनींनी केलेलं भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून ते इथे छापत आहोत.)



दर वेळी मला इथे रक्तदाब, गुडघे आणि साखर यांवर बोलायला बोलावतात. आज मी विषय बदलून मागितला. विश्वस्तांनी हो म्हटलं, त्याबद्दल त्यांचे आभार. साखरेबद्दल दोन शब्द शेवटी बोलेनच, काळजी करू नका.

काल रात्री बारा वाजता आपण पाळणा हलवला, सुंठवडा घेतला. आज दही-पोह्यांचा काला झाला. हे आपण लहानपणापासून करत आलो आहोत. पण हे दोन वेगवेगळ्या घरांचे दोन दिवस आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कालची रात्र मथुरेच्या बंदिवासातली, देवकीची. आजचा काला गोकुळातला, यशोदेच्या अंगणातला. एका सणात आपण दोन्ही आयांना मान देतो. देवाला देवकीनंदन म्हणतो आणि यशोदानंदनही म्हणतो. एक नाव घेतलं म्हणून दुसरीचा अपमान झाला, असं कोणालाही वाटत नाही.

मग आपल्या ओळखीच्या घरात दत्तक मूल आलं की त्याची एक आई आपल्याला पुसून टाकावीशी का वाटते? आज एवढ्याच एका प्रश्नावर बोलणार आहे.

आपल्यापैकी बरेच जण माझ्या नातीला ओळखता. मघाशी काल्याचं पातेलं घेऊन फिरत होती तीच. सात वर्षांची आहे. ती पाच आठवड्यांची असताना माझ्या मुलाने आणि सुनेने तिला रीतसर, कोर्टाच्या हुकमाने दत्तक घेतलं. तिची जन्मदात्री चिनी, टिओच्यू समाजातली. याहून जास्त मी सांगणार नाही, कारण ती माहिती नातीची आहे. ती मोठी झाली की कोणाला काय सांगायचं ते तीच ठरवेल.

गेल्या वर्षी आपल्याच एका कार्यक्रमात एका आजींनी तिच्या गालाला हात लावून मला विचारलं, "किती गोड आहे हो! पण ही तुमच्याकडे कशी?" विचारण्यात प्रेमच होतं. पण नात शेजारीच उभी होती आणि तिला मराठी उत्तम कळतं. घरी गेल्यावर ती म्हणाली, "आजी, मी तुमच्याकडे कशी, ते त्या आजींना का माहीत नाही?" मी म्हटलं, "कारण त्यांना सांगितलं नाही." ती म्हणाली, "मग सांग ना. त्यात काय?"

त्यात काय! पण हे "त्यात काय" म्हणायला मला चाळीस वर्षं लागली. ती हकीकत सांगते.

मी पुण्यात डॉक्टर झाले. १९८६ साली नवीनच दवाखाना उघडला होता. एक जोडपं माझ्याकडे यायचं. त्यांनी तान्हा मुलगा दत्तक घेतला होता. त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, याला कधी सांगायचं?" मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. अनुभव कमी आणि आत्मविश्वास भरपूर. मी म्हटलं, "सांगायची गरजच काय? उगाच त्याच्या मनाला लागेल." त्यांना तेच ऐकायचं होतं. डॉक्टरांनीच सांगितल्यावर मग काय, त्यांनी घर बदललं, पेठ बदलली आणि गप्प बसले.

पुढे मी इंग्लंडला गेले आणि १९९२ मध्ये इथे आले. २००८ साली मला त्या बाईंचं पत्र आलं. यजमान गेले होते. दिवसकार्याच्या वेळी जमिनीवरून वाद झाला आणि भर मांडवात एक काका मुलाला म्हणाले, "तू कोण पिंड देणारा?" मुलगा बावीस वर्षांचा. त्याला तिथे कळलं, त्या शब्दांत कळलं. बाईंनी लिहिलं होतं की तो रडला नाही, ओरडला नाही. रात्री आईला फक्त एवढंच विचारलं, "माझा वाढदिवस तरी खरा आहे का?"

तो खरा नव्हता. त्याला घरी आणलं तीच तारीख त्यांनी वाढदिवस म्हणून धरली होती. बावीस वर्षं औक्षण झालं होतं ते चुकीच्या दिवशी. आणलं त्या दिवसाचा सण करायला काहीच हरकत नव्हती, तोही मोलाचा दिवस. पण त्याच्या जन्माचा दिवस असा कोणी पाळलाच नव्हता. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: "डॉक्टर, तुम्ही म्हणाला होतात." त्या ओळीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागणारं पत्र लिहिलं. त्या मुलाने आईला सोडलं नाही, आजही तो तिला सांभाळतो. पण तीन वर्षं त्या घरात दिवाळीला पणती लागली नाही.

आपण कीर्तनात कर्णाची कथा ऐकतो. राधेने त्याला पोटच्या मुलासारखं वाढवलं. पण त्याच्या जन्माची गोष्ट त्याला युद्धाच्या तोंडावर सांगितली गेली, आणि तीही त्याने बाजू बदलावी म्हणून. तरी तो काय म्हणाला? अधिरथ आणि राधा हेच माझे आईवडील, त्यांना मी सोडणार नाही. खरं कळल्याने मूल दूर जात नाही, हे महाभारतातच सांगितलेलं आहे. त्याला त्रास होतो तो उशिरा कळण्याचा, आणि भांडणाच्या वेळी परक्याच्या तोंडून कळण्याचा.

आता आपल्या या सिंगापूरकडे येते.

१९३०च्या दशकापासून पुढे तीसेक वर्षं इथे आणि मलायात अनेक चिनी मुली तमिळ आणि मलय घरांत वाढल्या. कारणं काय होती? गरिबी, घरात आधीच पाच-सहा मुलं, मुलगाच हवा हा हट्ट, मधे जपानी अंमलाची उपासमार. शिवाय राशीची भीती. चिनी बारा वर्षांच्या चक्रात वाघाचं वर्ष येतं. १९३८, १९५०, १९६२ ही वाघाची वर्षं. त्या वर्षातली मुलगी घराला जड जाते, अशी समजूत होती. आपल्याकडे मूळ नक्षत्रावरच्या मुलींचे हाल झाले, त्यातलाच हा प्रकार. कित्येक मुलींची कागदपत्रंही झाली नाहीत. शेजारणीने शेजारणीच्या ओटीत मूल घातलं, एवढंच. त्या मुली तमिळ बोलत, साडी नेसत, देवळात जात मोठ्या झाल्या. आज त्यांतल्या बऱ्याच आजी-पणजी आहेत. मारिअम्मन देवळात, सेरांगून रोडवर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल.

अशा एक बाई २००४ मध्ये माझ्या दवाखान्यात आल्या. जन्म १९३८चा, वाघाचं वर्ष. चेहरा चिनी, अंगावर कांचीपुरम, केसांत मोगरा, बोलणं अस्सल तमिळ. आम्हा डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न असतो: घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार? त्या म्हणाल्या, "आईला मधुमेह होता. म्हणजे जिने वाढवलं तिला. जन्म दिला तिचं मला काही माहीत नाही." मी कागदावर "माहीत नाही" असं लिहिलं. हेही सांगून ठेवते: दत्तक मुलाच्या कागदावर तुमच्या घराण्याचे आजार लिहू नका. माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहा. वैद्यकशास्त्राला ते चालतं.

मग मी डॉक्टरकी सोडून त्यांना सहज विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "कळलं असं कधी झालंच नाही. पहिल्यापासून माहीत होतं." त्यांची आई अक्षरशत्रू होती. पण दर चिनी नववर्षाला ती बाजारातून दोन संत्री आणायची, मुरुगनच्या तसबिरीपुढे ठेवायची आणि मुलीला म्हणायची, "जिने तुला माझ्याकडे दिलं, तिच्यासाठी हात जोड." वर्षातून एकदा, दोन संत्री. बस. मग दुसऱ्या दिवशी ती संत्री दोघी मिळून खायच्या.

मी त्या दिवशी घरी जाऊन फार वेळ गप्प बसले होते. पदवी नसलेल्या त्या बाईला जे समजलं होतं, ते मला पदवी घेऊन समजलं नव्हतं. पुण्याहून पत्र यायला तेव्हा अजून चार वर्षं होती, पण माझ्या मनात ते जोडपं त्याच रात्री आलं. मी त्यांना तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. वेळ गेली नव्हती.

याच शहरात उलटंही घडलेलं आहे. आपल्यातल्या काहींच्या आईवडिलांना ते आठवत असेल. जावामधल्या एका डच कॅथलिक कुटुंबाची मुलगी, मारिया हर्टोग. जपानी अंमलात ती अमीना नावाच्या मलय मुस्लिम बाईंकडे आली आणि नाद्रा या नावाने वाढली. युद्धानंतर आईवडिलांनी तिला परत मागितलं. १९५० मध्ये खटला इथल्या कोर्टात चालला. मुलगी आईवडिलांना देण्याचा निकाल झाला आणि ११ डिसेंबरपासून तीन दिवस दंगल झाली. १८ माणसं मेली, १७३ जखमी झाली. तेरा वर्षांची ती पोर हॉलंडला गेली. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, यात मी आज जात नाही. मी आई आणि आजी म्हणून एवढंच बघते की दोन्ही घरांना ती हवी होती, पण अर्धी कोणालाच चालत नव्हती.

आणि आपला महाराष्ट्र? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, तो यशवंत. जात वेगळी, समाज वेगळा, आणि सगळ्या पुण्याला ते माहीत. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगमध्ये त्याने हडपसरजवळ रोग्यांची सेवा केली आणि त्याच कामात सावित्रीबाई गेल्या. आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने तो आमचा पूर्वज. त्याच्या जन्माची गोष्ट लपलेली नव्हती.

आमच्या ससूनच्या आवारात श्रीवत्स ही संस्था आहे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात जन्मलेली एक मुलगी तिथून तीन आठवड्यांची असताना एका परदेशस्थ कुटुंबात गेली. ती लिसा स्थळेकर, ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. २०२० मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं. मोठेपणी ती त्या संस्थेला भेट देऊन आली आणि आपण कुठून आलो हे जगापुढे मोकळेपणाने सांगते. भारतात आता नियमही असे आहेत की दत्तक गेलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की आपल्या मुळाचा शोध घ्यायला रीतसर अर्ज करू शकतं.

एवढं सगळं मला माहीत होतं. तरीसुद्धा माझ्या स्वतःच्या घरात वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते ऐका.

नात आल्यानंतरचं पहिलं चिनी नववर्ष. सुनेने दारावर लावायला लाल कागद आणले. मी म्हटलं, "हे आपल्याकडे कशाला? ती आता आपली झाली." सून शांतपणे म्हणाली, "आई, तिला आपलं करायला तिचं काही काढून घ्यावं लागतं का?" मला राग आला. मी खोलीत गेले. खरं सांगू? मला भीती वाटत होती. एवढीशी फट ठेवली तर एक दिवस ही त्या फटीतून निघून जाईल, अशी. पुण्याच्या जोडप्यालाही हीच भीती होती. मी तेव्हा त्यांना जे सांगितलं, ते त्यांच्या भीतीला दिलेलं औषध होतं. मुलाचा त्यात विचारच नव्हता.

संध्याकाळी मी खाली जाऊन दोन संत्री घेऊन आले. देवासमोर ठेवली. सून काही बोलली नाही, तिने फक्त निरांजन लावलं.

तेव्हापासून आम्ही काय करतो ते सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाच्या मुला-नातवंडांच्या घरी असं मूल आलं तर उपयोगी पडेल.

नातीचे दोन दिवस आम्ही पाळतो. एक जन्मदिवस आणि एक घरी आली तो दिवस. जन्मदिवशी औक्षण करताना एक वात तिच्या जन्मदात्रीच्या नावाने लावतो. नाव माहीत नाही, म्हणून "बाळाची आई" एवढंच म्हणतो. घरी आली त्या दिवशी शिरा करतो आणि तिला आणायला गेलो तेव्हा पाऊस किती होता, ही गोष्ट तिला पुन्हा सांगतो. तिला ती पाठ आहे. मी काही गाळलं तर ती दुरुस्त करते.

चिनी सणांचं आम्हाला काही येत नव्हतं. पुस्तकातून शिकण्यापेक्षा शेजारी विचारलं. तेलोक ब्लांगामध्ये आमच्या मजल्यावर एक टिओच्यू आजीबाई राहतात. नात त्यांना "आ-मा" म्हणते. त्यांनी शिकवलं की नववर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढायचा नाही, कोणाकडे जाताना संत्री जोडीनेच न्यायची, आंगपाव दोन्ही हातांनी घ्यायचं. यंदा १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. १६ ला सकाळी उपास सोडला आणि त्याच संध्याकाळी चिनी वर्षाची आदली रात्र आली. आ-मांकडे जेवायला गेलो. त्यांनी आमच्यासाठी सगळं शाकाहारी केलं होतं.

डिसेंबरात, २१-२२ तारखेच्या सुमारास, त्यांचा हिवाळ्याचा सण येतो. तेव्हा चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळ्या आल्याच्या गोड पाण्यात खातात. आपल्या उकडीचे मोदक करणाऱ्या हाताला हे अवघड नाही. फक्त उकड काढायची नाही, पीठ पाण्यानेच मळायचं. मी आणि नात मिळून वळतो. डॉक्टर म्हणून सूचना: या गोळ्या घशात अडकतात. लहान मुलांना आणि कवळी लावणाऱ्यांना बारीक तुकडे करूनच द्या.

सध्या चिनी सातवा महिना चालू आहे, अजून पाच दिवस आहे. ब्लॉकखाली पिंपात कागद जाळताना तुम्ही पाहताच. आपल्या पितृपक्षासारखाच तो. मी आ-मांना विचारलं, आम्हीही काही करावं का? त्या चटकन म्हणाल्या, "नको! तिची आई जिवंत असेल. जिवंत माणसासाठी हे करायचं नसतं." पाहा, न विचारता उत्साहाने केलं असतं तर केवढी चूक झाली असती. म्हणून माझं सांगणं, ज्यांचा सण आहे त्यांना आधी विचारा.

आमच्या चुकाही झाल्या. नात पाच वर्षांची असताना आम्ही तिला लाल चिनी पोशाख घालून इथल्या कार्यक्रमात आणलं. लोक फोटो काढायला लागले. ती माझ्या पदरामागे लपली आणि घरी जाऊन म्हणाली, "मी नाटकात होते का?" त्यानंतर आम्ही ठरवलं की काय घालायचं, कुठला सण करायचा, किती करायचा, हे तिला विचारायचं. एखाद्या वर्षी तिला नको असेल तर सोडायचं. दोन संत्री मात्र आम्ही सोडत नाही. ती आमची कृतज्ञता आहे, तिच्यावर सक्ती नाही.

आणखी एक. मुलाला "तू नशीबवान, यांनी तुला घेतलं" असं कोणी म्हणू नका. आपल्या पोटच्या मुलांना आपण असं म्हणत नाही.

आता माझी विनंती. तीन गोष्टी मागते.

पहिली, अगदी फुकटची. दत्तक मूल दिसलं तर त्याच्यासमोर "हे तुमच्याकडे कसं" असं विचारू नका. नाव विचारा, कितवीत आहे विचारा, प्रसादाचा लाडू हातावर ठेवा. ज्यांच्या घरात अजून मुलाला सांगितलेलं नाही, त्यांनी भाषण संपल्यावर मला येऊन भेटा. मूल मोठं झालं असलं तरी भेटा. कसं सांगायचं ते मिळून ठरवू. मी एकदा चुकीचा सल्ला दिला आहे. दुसऱ्यांदा देणार नाही.

दुसरी. तुमच्या ओळखीच्या ज्या वृद्ध चिनी-तमिळ भगिनी आहेत, त्यांच्याकडे जा, बसा. त्यांच्यातल्या कित्येक आता एकट्या आहेत. न्यासातर्फे आपण दर महिन्याला आजारी ज्येष्ठांना भेटायला जातो, त्या यादीत त्यांची नावं घाला. भाषेची अडचण नाही, चहा सगळ्यांना समजतो.

तिसरी पैशाची आहे. न्यास मुलांच्या मदतीसाठी जो निधी जमवतो, त्यात यंदा भर घाला. आईवडिलांपासून दूर राहावं लागणाऱ्या मुलांची शाळा, पुस्तकं, दात-डोळ्यांची तपासणी यासाठी तो खर्च होतो. कार्यालयात देणगी द्या, पावती घ्या. ज्यांच्या मुलांच्या घरात एक खोली आणि मनात जागा आहे, त्यांनी सरकारच्या फॉस्टरिंग योजनेची चौकशी करावी, म्हणजे काही काळासाठी मूल घरी सांभाळण्याची. आणि दत्तक घ्यायचं असेल तर कायद्याच्या रस्त्यानेच जा. ओळखीतून, दलालाकडून मूल घेऊ नका. २०२५ मध्ये इंडोनेशियाच्या पोलिसांनी तान्ही बाळं विकणारी टोळी पकडली, तेव्हा त्यातली काही बाळं सिंगापुरात पाठवली गेल्याचं बाहेर आलं. अशा मुलाला उद्या आपण कुठली गोष्ट सांगणार? खरी सांगता येईल असंच मूल घरी आणा.

शेवटी एक आनंदाची गोष्ट. गेल्या वर्षी ६ ऑक्टोबरला आपली कोजागरी आणि चिनी लोकांचा चंद्राचा सण एकाच रात्री आले होते. आम्ही ब्लॉकखाली कंदील घेऊन बसलो. एका थर्मासमध्ये मसाला दूध, ताटात मूनकेक. नात आ-मांना विचारत होती, "तुमच्या चंद्रात ससा आहे, आमच्याही चंद्रात ससा आहे, मग तो एकच का?"

यंदा तोच सण २५ सप्टेंबरला येतोय, म्हणजे अनंत चतुर्दशीला. मला वाटलं होतं घोटाळा होणार. संध्याकाळी बादलीत बाप्पाचं विसर्जन करायचं की खाली कंदील घेऊन जायचं? मी नातीला विचारलं. ती म्हणाली, "आधी बाप्पाला पोचवू, मग कंदील घेऊन खाली जाऊ. म्हणजे त्याला वाटेत उजेड होईल."

परवा बाजारात गेले होते. चंद्राच्या सणासाठी पपनसांचे ढीग लागले आहेत. माझं माहेर कोकणातलं. आमच्याकडे गणपतीपुढे पपनस लागतंच. चिनी घरांतही या सणाला तेच फळ लागतं. चौतीस वर्षं मी या देशात ते विकत घेते, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आ-मांनी सांगितलं तेव्हा कळलं. यंदा दोन घेणार आहे. एक बाप्पापुढे, एक आ-मांच्या ताटात.

आणि साखरेबद्दल कबूल केलं होतं ते. मूनकेक छोटा दिसतो पण फार जड असतो. एकाचे आठ तुकडे करा आणि मधुमेहवाल्यांनी एकच घ्या. शाकाहारी मंडळींनी वेष्टन वाचून घ्या, काहींत डुकराची चरबी आणि अंड्याचा बलक असतो. शाकाहारी वेगळे मिळतात.

काल रात्री पाळण्याची दोरी माझ्या हातात होती तेव्हा मी देवकीला नमस्कार केला. आज काला घेताना यशोदेला केला. तुम्हीही करा. आणि जिने आमच्या घरी ही पोर पाठवली, ती या शहरात कुठे असेल तिथे सुखी असो, एवढी माझी प्रार्थना आहे.

रामकृष्ण हरी.